३१ मे नंतरचा जून : निवृत्तीनंतर दिवसाची घडी छोट्या सवयींनी कशी बसवावी?

सह्यवारा

शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेली माणसं महाराष्ट्रात किती आहेत हे कोणत्याही शासकीय कार्यालयात मे महिन्यात कळतं. १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मे ला कार्यालयं, शाळा, जिल्हा परिषदा सगळीकडे शाल-श्रीफळांची रांग लागते. ५८ व्या वर्षी, धडधाकट, आणि दुसऱ्या दिवसापासून दिवस मोकळा.

'आता व्यायाम करणार, पेटी शिकणार, देवदर्शनं करणार' हे बेत जुलैपर्यंत का टिकत नाहीत, यावर हा धागा. माझं निरीक्षण असं की बेतांमध्ये काही खोट नसते. नोकरीने तीन गोष्टी फुकट दिलेल्या असतात : ठरलेली वेळ, जाण्याची ठरलेली जागा आणि वाट बघणारी माणसं. त्या तिन्ही एका रात्रीत जातात. त्यामुळे नवीन काम कितीही आवडीचं असलं तरी ते अडकवायला खुंटीच उरत नाही. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांत मोठे संकल्प नकोत. घरात ज्या खुंट्या अजून शाबूत आहेत (पहिला चहा, दूधवाला, आंघोळ, देवपूजा, संध्याकाळचा दिवा) त्यांना एकेक लहान काम अडकवावं.

सुरुवातीला एवढंच ठरवा :

उठण्याची वेळ नोकरीतल्या वेळेपेक्षा जास्तीत जास्त अर्धा तास उशिरा. रविवारीही तीच.
आंघोळ करून बाहेरचे कपडे साडेआठच्या आत. लुंगी-बनियनवर दहा वाजले की ती सकाळ गेली.
दिवसात एकदा घराबाहेर, ठरलेल्या कामासाठी. 'जरा फिरून येतो' हे काम धरू नये. वाचनालय, मंडई, दळण, काहीही चालेल, पण जागा आणि वेळ ठरलेली.

जाणकारांनी भर घालावी. स्वयंपाकघर, पैसे, तब्येत या तिन्हीवर तपशील हवा आहे.

पिंपळपान

खुंटीचा मुद्दा बरोबर आहे. ती कशी निवडायची यावर थोडं सविस्तर.

सवय सांगताना वेळ सांगू नका, आधीची कृती सांगा. 'सात वाजता गोळी' यापेक्षा 'चहाचा कप विसळला की गोळी' हे पक्कं बसतं, कारण घड्याळाकडे लक्ष जाईलच असं नाही, कप मात्र हातात असतोच. आधीची कृती अशी हवी की ती रोज होते, एकाच जागी होते आणि तिला शेवट असतो. 'पेपर वाचून झाला की' ही कच्ची खुंटी आहे, कारण पेपर वाचून कधी होतच नाही. 'दुधाची पिशवी फ्रीजमध्ये ठेवली की' ही पक्की.

दुसरं, एका वेळी दोनच सवयी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झालेल्या एका अभ्यासात साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण माणसामाणसांत फरक मोठा होता, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. त्यामुळे '२१ दिवसांत सवय' हे जे ऐकायला मिळतं ते मनातून काढून टाका, नाहीतर बाविसाव्या दिवशी आपल्यातच काही कमी आहे असं वाटायला लागतं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मध्ये एखादा दिवस चुकला तर बसत आलेली सवय मोडत नाही.

तिसरं, प्रत्येक सवयीचं लहान रूप आधीच ठरवून ठेवा. अर्धा तास चालायचं असेल तर लहान रूप म्हणजे बूट घालून फाटकापर्यंत जाऊन येणं. ताप आला, पाहुणे आले, रात्री जागरण झालं, तरी लहान रूप होतं. खाडा पडतो तो बहुतेक वेळा 'आज पूर्ण जमणार नाही, म्हणजे नकोच' या विचाराने.

गोदातीर

चालण्याबद्दल एक व्यवहारातली अडचण. ३१ मे ला निवृत्त झालेला माणूस १ जूनला नवे बूट घालून निघतो आणि आठ-दहा दिवसांत पाऊस सुरू होतो. सवय अजून बसलेलीही नसते. म्हणून जूनपासून सुरू करणाऱ्यांनी चालण्याचा पावसाळी बेत पहिल्याच दिवशी ठरवायला हवा. इमारतीखालचं पार्किंग, लांब व्हरांडा, मंगल कार्यालयाची रिकामी ओसरी, जे जवळ असेल ते. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालतात. आठवड्याला १५० मिनिटं हा प्रौढांसाठीचा जागतिक आरोग्य संघटनेचा किमान आकडा, आणि तो तुकड्यांत पूर्ण झाला तरी शरीराला फरक पडत नाही. वेग असा की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये.

शेवाळलेली फरशी, उतारावरचे पेव्हर ब्लॉक आणि ओल्या स्लिपर हे साठीतल्या हाडांचे वैरी आहेत. पावसात एक दिवस घरात काढलेला बरा.

चालण्याने पायांची ताकद मात्र फारशी वाढत नाही, आणि या वयात आधी जाते ती ताकदच. घरातले चार व्यायाम देतो, एकूण दहा-बारा मिनिटं, एक दिवसाआड :

१. खुर्चीतून उठबस. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, चाकं नसलेली, पाठ भिंतीला टेकवून ठेवलेली. प्लास्टिकची नको, मागे सरकते. हात छातीवर घडी. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे. उठताना श्वास सोडायचा, बसताना तीनपर्यंत मोजत हळूहळू. दहा वेळा, मग दोन मिनिटं थांबून परत दहा. गुडघा दुखत असेल तर बैठकीवर जाड उशी घालून उंची वाढवा, फार खाली बसावं लागत नाही आणि दुखणं बरेचदा कमी होतं. धप्पकन बसणं ही इथली सगळ्यांत मोठी चूक. निम्मा व्यायाम बसण्यातच असतो.

२. ओट्याला धरून टाचा वर. पंधरा वेळा.

३. भिंतीवर दंड. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून.

४. एका पायावर उभं राहणं. ओट्याच्या कडेवर बोटं टेकवून, प्रत्येकी १५-२० सेकंद. चहाला उकळी येईपर्यंत हे होऊन जातं.

श्वास रोखून जोर लावू नका, रक्तदाब चढतो. छातीत भरून आलं, चक्कर आली तर लगेच थांबून डॉक्टर.

प्रगती मोजायची असेल तर ३० सेकंदांत, हात न टेकता, किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते महिन्यातून एकदा मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषांना १४ च्या खाली आणि बायकांना १२ च्या खाली आलं तर पाय कमजोर आहेत असं समजतात. साठीच्या आतल्यांचे त्याहून जास्त व्हायला हवेत.

खडीसाखर

@गोदातीर, ताकदीबरोबर खाण्याचाही हिशेब मांडते. साठीच्या आसपास वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच). ६० किलोच्या माणसाला ६० ते ७० ग्रॅम. आपल्या पोळी-भाजी-भातात ती सहज भरत नाहीत. मोठी वाटीभर घट्ट वरण ६-७ ग्रॅम, एक अंडं ६, पाव लिटर दूध ८, मूठभर शेंगदाणे ६, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या २५. निवृत्तीनंतर नाश्त्याला पोहे, चार वाजता चहा-बिस्कीट आणि रात्री 'हलकं' म्हणून नुसता मऊ भात असा क्रम लागतो, त्यात दिवसाची प्रथिनं निम्म्यावर येतात. पोह्यांवर शेंगदाणे वाढवा, सोबत अंडं किंवा वाटीभर मटकीची उसळ घ्या. रात्री मऊ भातच हवा असेल तर त्यात मूगडाळ तांदळाच्या निम्मी.

आता मुख्य विषय, स्वयंपाकघर. मूळ धाग्यात त्याचा फक्त ओझरता उल्लेख आहे आणि माझ्या मते घडी बसते किंवा विस्कटते ती इथेच. पुरुष निवृत्त होतो तेव्हा घरातल्या बाईचं काम वाढतं. दोन वाढीव चहा, दुपारचं ताजं जेवण, आणि दर दहा मिनिटांनी 'अमुक कुठे ठेवलंय?'. 'मी मदत करतो' हे वाक्य सोडून द्या. मदत करणाऱ्याला सांगावं लागतं, लक्षात ठेवण्याचं ओझं सांगणारीवरच राहतं. एक काम अख्खं घ्या, आठवण्यापासून आवरण्यापर्यंत.

माझी शिफारस, सकाळचा कुकर. रोजचा आहे, एकाच जागी आहे आणि त्याला शेवट आहे, म्हणजे @पिंपळपान यांच्या तिन्ही कसोट्यांना उतरतो. दोघांसाठी :

अर्धी वाटी तूरडाळ दोनदा धुऊन वीस मिनिटं भिजत. मग दीड वाटी पाणी, पाव चमचा हळद, चिमूट हिंग, चार थेंब तेल. तेलाने फेस कमी येतो आणि शिटीच्या भोकात डाळ अडकत नाही. मीठ, चिंच, आमसूल शिजल्यावरच. आंबट आधी घातलं की डाळ बोटचेपी होत नाही, कितीही शिट्ट्या करा.

पाऊण वाटी तांदूळ धुऊन, जुना कोलम असेल तर दीड वाटीपेक्षा किंचित जास्त पाणी, नवा आंबेमोहोर असेल तर थोडं कमी. नव्या तांदळाचा गोळा होतो तो पाणी जास्त पडल्यामुळे.

कुकरच्या तळाला दीड-दोन वाट्या पाणी. हे विसरलं की भांडी करपतात आणि झाकणावरचा सुरक्षा-व्हॉल्व्ह वितळून उडतो. खाली डाळीचं भांडं, वर भाताचं. वाफेची सलग धार आली की मग शिटी ठेवायची, मध्यम आचेवर तीन-चार शिट्ट्या, गॅस बंद, वाफ आपोआप जिरू द्यायची. पंधरा मिनिटं. चमच्याने शिटी उचलून वाफ काढू नये.

शिटीच होत नसेल आणि कडेने वाफ जात असेल तर रिंग सैल झालेली आहे. थंड पाण्यात बुडवून लावली तर तेवढ्यापुरतं चालतं, पण नवी आणा.

आणि कुकर घेतला म्हणजे डाळ-तांदूळ डब्यात किती उरलेत हे बघणंही त्याच माणसाचं काम.

निवडुंग

भाजीचं काय? बरेच जण ते काम मागतात, फिरणंही होतं म्हणून.

खडीसाखर

चांगलं काम आहे, पण एक अट. निघण्यापूर्वी फ्रीज उघडून बघायचा. काय उरलंय हे न बघता आणलेली तिसरी कोथिंबिरीची जुडी हे घरोघरच्या भांडणाचं कारण आहे. दोघांना पाव किलो फळभाजी एका वेळेला पुरते. भेंडीचं टोक बोटाने मोडून बघा, कटकन तुटलं तर कोवळी, वाकलं तर जून. गवार मोडताना दोरा निघाला तर ठेवून द्या. आषाढ-श्रावणात पालेभाजी चिखल आणि अळ्या घेऊन येते. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून, दोनदा धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडी करून मगच फ्रीजमध्ये. आणून पिशवी ओट्यावर ठेवली म्हणजे काम अर्धंच झालं. निवडून ठेवणंही त्यातच आलं.

कागदीबदाम

पैसे आणि कागद. इथेही छोटी रोजची सवय हाच उपाय आहे, कारण सगळं एका दिवसात उरकायला गेलं की काहीतरी निसटतं.

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानावर चार रकाने : काय दिलं, कोणाला, कोणत्या तारखेला, आवक क्रमांक (अर्ज घेताना कार्यालय नोंदवतं तो नंबर). भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), रजा रोखीकरण (शिल्लक रजेचे पैसे), गटविमा, पेन्शनचं अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं) हे वेगवेगळ्या टेबलांवरून वेगवेगळ्या दिवशी येतात. दुपारचं जेवण झालं की दहा मिनिटं वही उघडायची, एकच गोष्ट पुढे सरकवायची, तारीख घालायची. फोन केला असेल तर तोही लिहायचा. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. त्यामुळे पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

निवृत्तीनंतर पेन्शन पुढच्याच महिन्यात हातात पडेल असं धरू नका. तीन महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात बाजूला हवा. कोषागारातून (ट्रेझरीतून) ओळख तपासणीसाठी बोलावलं की त्याच आठवड्यात जा, टाळलं की पहिली पेन्शन अडकते.

एकरकमी पैसा आला की नातेवाईक, एजंट, पतसंस्थेतले ओळखीचे सगळे येतात. पहिले तीन महिने कोणालाही 'बघतो' एवढंच उत्तर द्यायचं. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. एक टक्का जास्त व्याजासाठी तिकडे जाण्यापूर्वी हे एकदा मोठ्याने म्हणा.

सह्यवारा

@कागदीबदाम, तीन महिने थांबण्यात एक अडचण आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी ६० पासून आहे. ५५ ते ६० मधल्या निवृत्तांना ती उघडता येते, पण निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ५८ ला निवृत्त होणाऱ्यांनी नुसतं थांबलं तर ही संधी जाते आणि साठीपर्यंत वाट बघावी लागते.

कागदीबदाम

बरोबर, नेमकं सांगायला हवं होतं. 'बघतो' हे इतरांसाठी. टपाल खात्यात किंवा बँकेत ही योजना उघडायची असेल तर रक्कम आल्याची तारीख वहीत लाल शाईने लिहा आणि तिच्यापुढे तीन महिन्यांची शेवटची तारीख. मर्यादा ३० लाख, मुदत ५ वर्षं, व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. नियोक्त्याचा निवृत्तीचा दाखला लागतो, तो निवृत्तीच्या दिवशीच मागून घ्या.

आणि फोनची सवय. पेन्शन, हयातीचा दाखला, केवायसी, 'तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय' यांपैकी कशासाठीही आलेल्या फोनवर ओटीपी द्यायचा नाही, लिंक उघडायची नाही. फोन ठेवायचा आणि स्वतः बँकेत जायचं. पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार. निवृत्तांच्या खात्यात एकदम रक्कम येते हे ठगांना पक्कं ठाऊक असतं.

शेवंती

आतापर्यंतचं सगळं निवृत्त पुरुषाला धरून चाललंय. निवृत्त शिक्षिका, नर्स, कारकून बायकांची अडचण उलटी असते. त्यांचा दिवस रिकामा होत नाही, दुसऱ्याच दिवशी इतरांच्या कामांनी भरतो. 'आता तू घरीच आहेस' म्हणून नातवंडं, नणंदेचं दुखणं, सोसायटीचं हळदीकुंकू, शिवाय कामवाल्या बाईला सुट्टी. ३३ वर्षं नोकरी करून घर सांभाळलेल्या बाईला नव्या सवयीपेक्षा आधी कुंपण हवं.

उपाय सांगते. पहिल्याच आठवड्यात रोजचे दोन तास जाहीर करा, ते घराबाहेरचे असू द्या. घरात राहून 'माझा वेळ' मिळत नाही, दार वाजतंच. गावात ग्रंथालय असेल तर त्याची वेळ बघून सकाळी साडेदहा ते साडेबारा, किंवा भजनी मंडळ, किंवा पोहणं. नातवंडं सांभाळणार असाल तर वार आणि तास ठरवून घ्या, आणि ते सुनेला नव्हे, मुलाला सांगा. सहा महिने 'नाही' न म्हणता काढले की मग म्हटलेलं 'नाही' रुसवा ठरतं. त्यामुळे कुंपण सुरुवातीलाच घालावं.

एसटीत महिलांना तिकीट निम्मं आहे, त्याचा उपयोग करा. महिन्यातून एक दिवस मैत्रिणीच्या गावी जाऊन यायचं, ठरलेल्या तारखेला.

निवडुंग

दुपारच्या झोपेचं काय करावं? नोकरीत नव्हती, आता जेवल्यावर डोळा लागतोच.

पिंपळपान

लागू द्या, पण २०-२५ मिनिटांचा गजर लावून आणि तीनच्या आत उठून. अंथरुणावर नको, आरामखुर्चीत. दीड तासाची झोप झाली की रात्री बारापर्यंत डोळा मिटत नाही, सकाळी उठणं लांबतं आणि खुंट्यांची सगळी रांग सरकते. चारनंतर चहा बंद केला तर आणखी फरक पडतो. रात्री तीनदा लघवीला उठावं लागत असेल किंवा घोरताना श्वास अडकत असेल तर मात्र सवयी बदलत बसू नका, तपासून घ्या.

गोदातीर

गोळ्यांबद्दल राहिलं. नोकरीत डब्याबरोबर गोळी जायची, आता वेळ हलते. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्ध्या ते एक तासाने. म्हणजे तिची खुंटी चहा नव्हे, दात घासणं. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब.

रक्तदाब घरी मोजत असाल तर आधी पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला, लघवी करून आलेलं. अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. बोलत बोलत मोजलं की आकडा हमखास वर दाखवतो, आणि मग विनाकारण धावपळ.

शेवंती

मुलांकडे बंगळुरूला किंवा परदेशात महिनाभर गेलं की सगळी घडी मोडते, त्याचं काय?

पिंपळपान

खुंट्या घरासोबत मागे राहतात, म्हणून मोडते. तिकडे गेल्या गेल्या पहिल्या सकाळी दोनच प्रश्न सोडवा : चहा कोण, किती वाजता करतं, आणि खुर्ची कोणती. गोळी त्या चहाला किंवा दात घासण्याला, उठबस त्या खुर्चीला. बाकीचं महिनाभर सोडून द्या. परत आल्यावर मात्र 'सोमवारपासून' म्हणू नका. ज्या दिवशी पोहोचाल त्याच संध्याकाळी लहान रूप करा, बॅग उघडण्याआधी. गणपतीच्या दहा दिवसांतही हेच धोरण.

कागदीबदाम

३१ मे ला निवृत्त झालेल्यांचा पहिला नोव्हेंबर सहाव्या महिन्यात येतो, तोवर वही मागे पडलेली असते, म्हणून आत्ताच लिहून ठेवा. राज्याच्या निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात. पेन्शन ज्या बँकेच्या शाखेत जमा होते तिथल्या यादीवर सही करा किंवा 'जीवन प्रमाण' या आधारवर चालणाऱ्या सरकारी पद्धतीने ऑनलाइन द्या. बोटांचे ठसे उमटत नसतील, आणि भांडी-शेतीची कामं केलेल्यांचे बरेचदा उमटत नाहीत, तर मोबाइलवरून चेहऱ्याने ओळख पटवता येते. खिडकीकडे तोंड करून बसा, चश्मा काढा, पाठीमागे उजेड नको. झाल्यावर मिळणारा क्रमांक वहीत. भविष्य निर्वाह निधी संघटनेची पेन्शन असेल तर दाखला वर्षात कधीही देता येतो आणि तिथून बारा महिने चालतो. अशांनी नोव्हेंबरच्या गर्दीत जाऊ नये.

निवडुंग

वही आणली. रकाने आखताना एक विचारतो, पेन्शनची आणि घरखर्चाची वही एकच ठेवावी का?

कागदीबदाम

वेगळी. घरखर्चाची वही दोघांच्या हाताला येईल अशी फ्रीजवर ठेवा. पेन्शनची कपाटात, मूळ पेन्शन आदेशाच्या झेरॉक्ससोबत, आणि ती कुठे आहे हे जोडीदाराला दाखवून ठेवा. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी उद्या तेच कागद त्यांना लागतील.

सह्यवारा

@खडीसाखर, कुकर घेतलेल्यांसाठी पुढची पायरी काय, फोडणी की कणीक?

खडीसाखर

फोडणी. कणीक हाताला बसायला वेळ लागतो, आणि बिघडली तर सगळ्यांचं जेवण लांबतं. फोडणीत मोहरी पूर्ण तडतडेपर्यंत थांबायचं, मग जिरं, मग गॅस बारीक करून हिंग-हळद, आणि लगेच वरण. हळद टाकून वरण शोधायला गेलात तर ती काळी पडते, म्हणून पातेलं आधी शेजारी ठेवा.